रामटेके मॅडमचा मुका नंबर

रामटेके मॅडमना माणसांची नावं लक्षात राहत नसत. मी त्यांच्यासोबत शिकवायला लागले तेव्हा सुरुवातीला मी त्यांच्यासाठी कधी सुशीला होते, कधी शकुंतला, आणि एकदा तर चक्क सरोज. माझं नाव शैलजा. 'स' किंवा 'श'वरून काहीतरी आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, पुढचं त्या तोंडाला येईल तसं जुळवून घेत. मात्र माझा धाकटा मुलगा कशाच्या वासानं शिंकतो, माझ्या सासूबाईंचा कोणता गुडघा दुखतो, आमच्याकडे वांग्याच्या भाजीत गूळ घालतात की नाही, हे त्यांना एकदा ऐकलं की पाठ. भेटल्या की पहिला प्रश्न गुडघ्याचा. नाव चुकलं म्हणून त्यांच्यावर रागावलेला माणूस मी पाहिला नाही.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या दशकातली. नागपुरात सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी टायपिंग शिकवत असे आणि मॅडम 'डेटाबेस' शिकवत. हा शब्द तेव्हा इतका नवा होता की पालक दारात उभे राहून तो दोनदा विचारून घेत. कॉम्प्युटर तीनच होते, पण त्यांची खोली देवघरासारखी होती. चपला बाहेर काढायच्या, पडदे बंद, आणि एसी असा की बाहेर मे महिना पेटलेला असताना आत दात वाजत. मॅडम विद्यापीठातल्या गणिताच्या एम.एस्सी. कॉलेजातली पक्की नोकरी सोडून त्या इथे आल्या होत्या, आणि का सोडली विचारलं तर म्हणत, "तिथं दरवर्षी तेच गणित येऊन राहिलं होतं." ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी आणि त्यावर नवऱ्याचा, म्हणजे रामटेके साहेबांचा, बाटली-हिरवा, लांब बाह्यांचा स्वेटर. स्वेटरच्या खिशात फुटाणे. शिकवता शिकवता हात खिशात जायचा, आणि ज्या पोराचं उत्तर बरोबर येई त्याच्या तळहातावर चार फुटाणे पडायचे.

नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी त्या फळ्यावर काहीच लिहीत नसत. आत येऊन नुसतं म्हणत, "सुनीता, उठ बेटा."

त्या काळी नागपुरातल्या कुठल्याही वर्गात सुनीता सापडायचीच. मी एकदा त्यांचा हा वर्ग मागे बसून पाहिला. त्या दिवशी तीन सुनीता उठल्या. मॅडमना झालेला आनंद चेहऱ्यावर मावेना.

"मले एकच सुनीता पाहिजे," त्या म्हणाल्या. "कशी मागू, सांगा."

कोणी म्हणालं, आडनावानं. तर एक सुनीता खाली बसली आणि दोन वानखेडे उभ्या राहिल्या. कोणी म्हणालं, जन्मतारीख. दोघींची निघाली एकच. मॅडम म्हणाल्या की त्यात नवल नाही, खेड्यातल्या हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्ध्या विदर्भाला एकाच दिवशी जन्माला घातलेलं आहे. मग वडिलांचं नाव. ते वेगळं होतं, म्हणून पोरं खूश झाली. मॅडमनी विचारलं की उद्या तिसरी वानखेडे आली आणि तिच्याही बापाचं नाव तेच निघालं तर? बरं, या दोघींची लग्नं झाली की बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येणार, आडनाव जाणार, गाव जाणार, काही घरांत तर सुनीतासुद्धा जाणार. "पोरीच्या कागदावरचं कधीच बदलत नाही असं काही सांगा बरं," त्या म्हणाल्या. मुलं डोकं खाजवू लागली. मुली मात्र एकमेकींकडे बघून हसत होत्या.

शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा चाचरत म्हणाला, "मॅडम, रोल नंबर?"

त्याला मूठभर फुटाणे मिळाले. मग कुठे खडू फळ्याला लागला. तक्ता आखला गेला. एका माणसाची एक आडवी ओळ, माहितीचे उभे रकाने, आणि पहिला रकाना नंबरचा. तो प्रत्येकाला हवाच, दोघांना एक नको, आणि एकदा दिला की बदलायचा नाही. पुस्तकात याला प्रायमरी की म्हणतात असं त्यांनी सांगितलं. त्यांचा स्वतःचा शब्द मात्र वेगळा होता. त्या त्याला 'मुका नंबर' म्हणत. नंबरनं काही बोलायचं नाही. माणूस कुठल्या गावचा, कोणत्या जातीचा, किती वर्षांचा, हे त्यानं सांगायचं नाही. तो फक्त एवढंच म्हणेल की ही ओळ त्या ओळीपेक्षा वेगळी आहे. "जो नंबर जास्त बोलते," त्या म्हणत, "तो एक दिवस खोटा पडते."

हे त्यांचं म्हणणं किती खरं आहे ते मला लकडगंजात कळलं.

लकडगंजात अण्णाजी बोरकुटे यांची सागवानाची वखार होती. वखार मुलांच्या हाती देऊन अण्णाजींनी वरच्या खोलीत वधूवर मंडळ थाटलं होतं. सगळ्या जातीधर्मांसाठी, आणि फुकट. त्यांच्या स्वतःच्या जातीचे लोक त्यामुळे नाराज होते आणि बाकीचे साशंक, पण हळूहळू माणसं येऊ लागली. इतकी की बुटांच्या खोक्यांत ठेवलेली कार्डं खोलीत मावेनात. त्यांची नात आमच्या क्लासला होती. कॉम्प्युटर लग्न जमवून देतो असं तिनं आजोबांना सांगितलं, आणि एके दिवशी पांढरंशुभ्र धोतर सावरत अण्णाजी आमच्या जिन्यावर हजर झाले. मॅडमना तर असं काही हवंच होतं. पोरांना खऱ्या माणसांच्या माहितीवर हात बसवता येईल म्हणून त्या लगेच हो म्हणाल्या.

त्यांनी दोन तक्ते करायचं ठरवलं. एकात शिक्षण, नोकरी, उंची, अपेक्षा. दुसऱ्यात पत्ते, कारण पत्ते वरचेवर बदलतात आणि नोकरीवाल्या मुलाचे दोनदोन असतात. दोन्ही तक्त्यांत तोच मुका नंबर, म्हणजे इकडची माहिती आणि तिकडचा पत्ता एकाच माणसाचा म्हणून जुळेल. नंबरचं नाव काढताच अण्णाजी बिथरले.

"माझ्या पोरांले नंबर देता काय मॅडम? हे काय जेल आहे?"

मॅडमनी समजावलं. मग ते थोडे नरमले आणि म्हणाले की द्यायचाच तर काही अकलेचा द्या. जरीपटका मोहल्ल्याचा असेल तर 'ज', त्यापुढे वय. मॅडम म्हणाल्या की पोरगी दरवर्षी मोठी होईल आणि नंबर लहानच राहील. जरीपटक्यातला माणूस नंदनवनात घर घेईल आणि नंबर त्याला जरीपटक्यातच बसवून ठेवेल. अण्णाजींना ते पटलं, पण उलट्या बाजूनं. ते म्हणाले, मग नंबरच नको. नाव आणि मोहल्ला यावर जुळवा. एका मोहल्ल्यात एका नावाची दोन लग्नाळू माणसं थोडीच निघणार?

मॅडम बरेच दिवस भांडल्या आणि शेवटी त्यांनी माघार घेतली. वखारीच्या जिन्यावरून उतरताना मला म्हणाल्या, "चूक करून राहिलो आपण, शकुंतला. पण म्हाताऱ्याचं मन मोडवत नाही."

पुढे काही महिने सगळं सुरळीत चाललं. अण्णाजींनी वरच्या खोलीसाठी एक कॉम्प्युटर विकत घेतला होता आणि दर रविवारी आम्ही दोघी लकडगंजात जायचो. खाली करवतीचा आवाज, वर भुशाचा वास, आणि छापलेल्या कागदासाठी रांगेत बसलेले आईबाप. काही लग्नं जमली, पेढे आले. अण्णाजी येईल त्याला कॉम्प्युटर दाखवत आणि हात लावू देत नसत.

आणि मग एका रविवारी दुपारी वर्ध्याचे ढोबळे गुरुजी जिना चढून आले, मागे पत्नी आणि मुलगी कल्पना. गुरुजींनी हातातले आमचे दोन छापील कागद रागानं अण्णाजींसमोर आपटले. त्यांनी जे सांगितलं, आणि पुढे ज्यात कल्पनानं हसतहसत भर घातली, ते असं.

कागदावर मुलगा होता राजेश भोयर, नंदनवन, वीज खात्यात इंजिनिअर. दुसऱ्या कागदावर त्याचा पत्ता. सकाळच्या बसनं हे तिघं त्या पत्त्यावर पोचले तर मुलगा स्टुलावर उभा राहून घराच्या फाटकाला निळा रंग देत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. नमस्कार करता येईना म्हणून त्यानं कोपरं जोडली. कल्पनाला तिथंच हसू फुटलं. त्याच्या आईला वाटलं की नणंदेनं ज्या स्थळाचं बोलून ठेवलं होतं तेच लोक न कळवता आले. तिनं घाईघाईनं पोहे केले, वरून झणझणीत तर्री घातली. गुरुजींना ती फार आवडली. बोलणंही छान चाललं. गुरुजींनी विचारलं, तुमच्या हाताखाली किती लोक आहेत? राजेश म्हणाला, दोनशे तरी असतील, पण ऐकत कोणी नाही. गुरुजींना हा मुलगा मोठा नम्र वाटला. आईनं शाळेच्या स्नेहसंमेलनाचा विषय काढला तेव्हा कुठे उलगडा झाला की हा राजेश भोयर पाचवी ते सातवीच्या पोरांना चित्रकला शिकवतो, आणि इंजिनिअर राजेश भोयर वेगळा, पण नंदनवनातच राहतो.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. चित्रकलेच्या राजेशचं नाव त्याच्या आत्यानं नुकतंच नोंदवलं होतं. नाव तेच, मोहल्ला तोच. तक्त्यानं एकाची माहिती घेतली आणि पत्ता दुसऱ्याचा जोडला. अण्णाजी मटकन खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा इतका पडला होता की 'मी म्हणत नव्हते का' असं कोणीही म्हटलं असतं. मॅडम म्हणाल्या नाहीत. त्या गुरुजींसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "माहीत असून केली मी."

गुरुजी काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पोरीचा तमाशा केला, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. अण्णाजी पुटपुटले की आजपासून मंडळ बंद. तेवढ्यात मॅडम एकदम ताठ झाल्या. पाहुणे येणार हे इंजिनिअर राजेशच्या वडिलांना मागच्या रविवारी इथेच सांगितलं होतं, म्हणजे तो सकाळपासून वाट पाहत बसला असेल, हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं. गुरुजींना थोडं थांबायची विनंती करून त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं आणि रिक्षा थांबवली.

इंजिनिअरच्या घरी शेजारून आणलेल्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. टेबलावर जाळीखाली शेव, चिवडा, अनारसे. मुलगा टाय लावून बसला होता. वडिलांनी आम्हाला बसासुद्धा म्हटलं नाही. मॅडमनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न लपवता. दोन तक्ते, एक नाव, चुकीचा पत्ता. मग मॅडमची नजर टेबलाकडे गेली.

"इतकं सुंदर केलं आहे, आणि कोणी खाऊनच नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "मी सकाळपासून उपाशी आहे. बसू का?"

आणि त्या बसल्या. अनारसा तोंडात टाकून त्यांनी मुलाच्या आईला विचारलं की तांदूळ किती दिवस भिजवले. आईनं आधी तुटक उत्तर दिलं, मग सविस्तर दिलं, मग आणखी दोन अनारसे वाढले. वडील खुर्चीत बसले. राजेश मात्र टायशी चाळा करत विचारात पडला होता.

"म्हणजे माहिती माझी वाचली आणि पसंत तो पडला?" त्यानं विचारलं.

मॅडम म्हणाल्या की अजून काही ठरलेलं नाही. त्यांची यायची तयारी असेल तर मी मुलीला आत्ता इथे घेऊन येते. त्यावर तो म्हणाला, "तो उंच आहे काय माझ्यापेक्षा?" मॅडमनी सांगितलं की आपण त्याला पाहिलेलंच नाही. राजेशनं टाय सोडला, शेवेची बशी जवळ ओढली, आणि मग सगळेच हसले.

परतताना रिक्षात मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला अण्णाजींचा? त्यांच्यामुळे तुम्हाला दोन घरी हात जोडावे लागले. मॅडमनी मान हलवली. नावाचा घोळ आपल्याला नवा नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांचं जन्माचं नाव जनाबाई. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा त्या शाळकरी होत्या. दीक्षेहून परतताना वडिलांनी मोठ्या आनंदानं मुलीला नवं नाव दिलं, विशाखा. घरात, गल्लीत ती विशाखा झाली, पण एका कागदावर जनाबाई राहिली. मॅट्रिकच्या निकालात परीक्षेच्या कचेरीनं त्यांना दोन मुली धरलं. विशाखा पहिल्या वर्गात पास आणि जनाबाई गैरहजर.

"अजून गैरहजर आहे बिचारी," मॅडम म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. मग साडीचा पदर नीट करत म्हणाल्या, "नाव लय मोठी गोष्ट असते वं. बापानं दिलेलं, आपण निवडलेलं. माणसानं पाहिजे तितक्या वेळा बदलावं ते. म्हणून तर कागदानं त्याच्यावर टेकून बसू नये."

तोवर मला वाटत होतं की त्यांना नुसतं गणित आवडतं.

वखारीत आलो तर गुरुजी तसेच बसलेले. मॅडमनी त्यांना सांगितलं की इंजिनिअर मुलाच्या घरची मंडळी भली आहेत, राग धरलेला नाही, आणि तुम्हाला बोलावलं आहे. गुरुजी उठून उभे राहिले. कल्पना उठली नाही.

"बाबा, मी माहिती पाहायले नव्हती आली," ती म्हणाली. "माणूस पाहायले आली होती. तो पाहून झाला."

गुरुजी म्हणाले की अगं, तो ड्रॉइंग मास्तर आहे. कल्पना म्हणाली, तुम्ही पण मास्तरच आहात. तिची आई आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली की पोह्यांवरची तर्री खरंच चांगली होती. गुरुजी पुन्हा खाली बसले.

लग्न थंडीत झालं, वर्ध्याला. इंजिनिअर राजेश वरातीत सगळ्यांत पुढे नाचत होता. दोन्ही राजेश एव्हाना मित्र झाले होते. वर्षभरात त्याचंही लग्न मंडळातूनच जमलं, भंडाऱ्याच्या मुलीशी, आणि आहेर देताना मॅडम त्याला रमेश म्हणाल्या.

पण त्याआधी, त्या रविवारनंतर लगेचच, अण्णाजींनी मॅडमना बोलावून घेतलं. द्या म्हणाले तुमचे नंबर. पण माझ्या मनाला ते लागतं, एवढं लक्षात ठेवा. मॅडम त्यांच्यासमोर खाली चटईवर बसल्या.

"नंबर माणसाले नाही अण्णाजी, कागदाले दिला," त्या म्हणाल्या. "कागदाले डोळे नसतेत ना. तुम्ही पोरीले नावानंच हाक मारा."

मग अण्णाजींनी विचारलं, पहिला, एक नंबर कोणाला देणार? मॅडम म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तिला. अण्णाजींनी कल्पनाला दिला. लग्नानंतर तिचं नाव स्थळांच्या यादीतून निघालं तेव्हा एक व्यापारी स्नेही हट्ट धरून बसले की एक नंबर शुभ, आता रिकामा आहे, तो माझ्या मुलीला द्या. मॅडम काही बोलायच्या आतच अण्णाजी खेकसले की तो नंबर कल्पनाचा आहे, ती गेली म्हणून रिकामा होत नसतो. मॅडमनी स्वेटरच्या खिशात हात घातला आणि अण्णाजींच्या तळहातावर फुटाणे ठेवले. म्हाताऱ्यानं ते एकेक करून चावले. दात फारसे नव्हते, पण सोडला एकही नाही.

पुढे माझ्या नवऱ्याची बदली नाशिकला झाली. सामान ट्रकनं पुढे गेलं होतं. आम्ही स्टेशनवर जायला सकाळी ऑटोरिक्षात बसलो. मॅडमचा निरोप आदल्या दिवशी घेऊन झाला होता, डबाभर संत्र्याची बर्फी देऊन त्यांनी मला वाटेला लावलं होतं. त्यामुळे त्या पुन्हा दिसतील असं मनात नव्हतं.

मैदानाच्या कडेच्या रस्त्यावर एक स्कूटर नागमोडी येताना दिसली. आमच्या ऑटोवाल्यानं शिव्या घालत वेग कमी केला. स्कूटरवर रामटेके मॅडम होत्या. साडी खोचलेली, पाठ ताठ, डोळे समोर खिळलेले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या स्कूटर शिकत होत्या, आणि मला त्यांनी हे सांगितलंही नव्हतं. मागून रामटेके साहेब एका हातानं पायजमा सावरत धावत होते.

"ब्रेक, विशाखा, ब्रेक दाब!" ते ओरडत होते.

मी ऑटोतून वाकून जोरात हात हलवला. मॅडमनी मला पाहिलं. हात सोडायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी हॉर्न दाबला, तो त्यांना सोडता येईना, आणि तो वाजत असतानाच त्या आमच्या शेजारून हसतहसत निघून गेल्या. साहेब मागे पडले, दम खात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. कोपऱ्यापर्यंत स्कूटर डुलत गेली. तिथं त्यांनी ब्रेक दाबला नाही. वळण घेतलं, नीट घेतलं, आणि त्या पुढे निघून गेल्या.